अस्सल आणि फेरफार : नवख्या छायाचित्रकाराने संपादनाचे सॉफ्टवेअर कसे निवडावे

नव्या कॅमेऱ्याची पहिली नवलाई ओसरली आणि त्यातील छायाचित्रे घरच्या संगणकावर उतरवून घेण्याची वेळ आली, की जो प्रश्न माणसापुढे उभा राहतो तो कॅमेऱ्याच्या निवडीहूनही अवघड असतो. कारण कॅमेरा दुकानात हाताळून पाहता येतो, त्याचे मोल एकदाच मोजावे लागते आणि मन भरले म्हणजे तो विकताही येतो, परंतु छायाचित्रांवर संस्कार करणारे सॉफ्टवेअर एकदा हाताच्या वळणी पडले आणि चार-सहा वर्षांची छायाचित्रे त्याच्या स्वाधीन झाली, की ते बदलताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. सल्लागारांची मात्र या बाबतीत कधीच वाण पडत नाही. लग्नाचे आल्बम करणारा स्टुडिओवाला म्हणतो, फोटोशॉप घ्या, दुसऱ्या कशाच्या वाटेला जाऊ नका. महाविद्यालयात शिकणारा भाचा म्हणतो, मामा, सगळे फुकट मिळते, पैसे कशाला घालवता. आणि संगणक जोडून देणारा गृहस्थ तर हे दोघे बोलत असतानाच खिशातून पेनड्राइव्ह काढतो. तिघांच्याही बोलण्याचा रोख एकच असतो, तो म्हणजे अमुक सॉफ्टवेअर काय काय करू शकते. माझ्या मते नवशिक्याने हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आपले अस्सल छायाचित्र कोठे राहणार, त्यात केलेल्या फेरफारांची नोंद कोठे होणार आणि उद्या ते सॉफ्टवेअर सोडण्याचा प्रसंग आला तर आपल्याबरोबर काय येणार, याची रुजुवात त्याने आधी करून घ्यावी.

छायाचित्रात फेरफार मुळात करावेतच का, अशी शंका घेणारी सोवळी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि कॅमेऱ्याने टिपले तेवढेच खरे, पुढची सारी लबाडी, असा त्यांचा एकंदर अभिप्राय असतो. इतिहासाची साक्ष मात्र त्यांच्या विरुद्ध पडते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्यानंतर तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडर याने तीसएक निगेटिव्ह जुळवून एक भव्य चित्र सिद्ध केले, आणि १८५८ साली हेन्री पीच रॉबिन्सन याने पाच निगेटिव्हांतून मृत्युशय्येवरील तरुणीचे दृश्य उभे केले. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतून निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे वण बुजवणारे कारागीर असत, आणि कृष्णधवल छायाचित्रावर हाताने रंग भरून देणे हाही एक प्रतिष्ठित व्यवसाय होता. अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे छायाचित्र घेतले, आणि त्याच एका निगेटिव्हवरून पुढे कित्येक दशके ते प्रती काढीत राहिले. त्या प्रती कालक्रमाने शेजारी मांडल्या तर आकाश उत्तरोत्तर काळेभोर होत गेलेले दिसते. अंधाऱ्या खोलीत कागदावर पडणारा प्रकाश हाताने वा पुठ्ठ्याच्या तुकड्याने कोठे अडवायचा आणि कोठे अधिक वेळ पडू द्यायचा, ही जी त्यांची विद्या, तिचीच दोन अवजारे डॉज आणि बर्न या नावांनी आजच्या फोटोशॉपात जशीच्या तशी बसलेली आहेत.

शिवाय कॅमेऱ्याने टिपले म्हणजे नेमके काय केले, हेही या मंडळींनी पाहावे. सेन्सरवरील प्रत्येक बिंदूला केवळ प्रकाशाची तीव्रता कळते, रंग कळत नाही; म्हणून त्या बिंदूंवर रंगीत गाळण्यांची नक्षी बसवलेली असते आणि प्रत्येक चार गाळण्यांत दोन हिरव्या, एक लाल व एक निळी अशी तिची रचना असते. ही योजना ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाची. तिचे पेटंट १९७६ सालचे, आणि आजचे बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने भरून काढावे लागतात. हे गणित होण्यापूर्वीची जी उघडीवाघडी नोंद, तिला रॉ फाइल म्हणतात. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये अंधारापासून उजेडापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात; कॅमेरा तीच नोंद शिजवून जेपेगच्या रूपाने हाती देतो तेव्हा प्रत्येक रंगाच्या वाट्याला २५६ पायऱ्या उरतात, आणि पांढरा कशाला म्हणावे, कडा किती धारदार कराव्यात, सावल्या किती गडद ठेवाव्यात, हे सारे निर्णय कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आगाऊ घेऊन ठेवलेले असतात. म्हणजे जो स्वतःला संपादनाचा विरोधक म्हणवतो त्याच्या छायाचित्राचेही संपादन होतेच. त्याने त्याचे मुखत्यारपत्र कॅमेऱ्याला दिलेले असते, एवढेच.

एखादे छायाचित्र समोर ठेवल्याखेरीज ही चर्चा हवेतच राहील. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते तेव्हा दिवे घाटाच्या वळणावर कॅमेरे सरसावलेल्या हौशी मंडळींची दाटी होते, आणि त्यांतील बहुतेकांच्या हाती जे छायाचित्र लागते ते थोड्याफार फरकाने असे असते : वर ढगांनी भरलेले, पण डोळे दिपवील इतके पांढरे आकाश, खाली पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या यांची घाट भरून वर चढणारी रांग, त्या टोप्यांच्या कडांखाली उन्हापावसाने रापलेले चेहरे, मध्येच डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एखादी माउली, आणि या सर्वांवर फडफडणाऱ्या भगव्या पताका. एवढ्या शुभ्रतेने कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसते, तो सरासरी गाठण्यासाठी प्रकाश आवरता घेतो, आणि चेहरे काळवंडतात. जेपेगमध्ये ते चेहरे उजळायला जावे तर गालांवर डाग पडल्यासारखे पट्टे उमटतात, आणि आकाश तर आधीच कोऱ्या कागदासारखे झालेले असते. रॉ फाइलमध्ये मात्र हायलाइट्सचा स्लायडर डावीकडे ओढू लागताच धोतराच्या चुण्या एकेक करून परत येऊ लागतात, ढगांचे थर वेगळे होतात, आणि पांढऱ्यातही किती पांढरे असतात ते दिसू लागते. जेथे लाल, हिरवी व निळी अशा तिन्ही नोंदी काठोकाठ भरून वाहून गेल्या असतील तेथून मात्र काही परत येत नाही, आणि ते कोठे घडले आहे हे हिस्टोग्राम या उजेडाच्या आलेखाच्या उजव्या भिंतीला चिकटलेल्या शिखरावरून कळते. मग शॅडोज उजवीकडे न्याव्या. चेहरे वर येतात, पण त्यांच्याबरोबर सावलीतला रवाही (इंग्रजीत नॉइज) वर येतो, म्हणून थोडक्यात थांबावे. ढगाळ उजेड निळसर असतो; व्हाइट बॅलन्स साडेसहा हजार केल्विनच्या आसपास आणला की पताकांचा भगवा जागा होतो.

येथवर सारे ठीक असते. नवशिक्याचा हात घसरतो तो यानंतर, जेव्हा प्रत्येक स्लायडर टोकापर्यंत नेल्यावाचून त्याला चैन पडत नाही. डोंगराची कड आकाशाला भिडते त्या रेषेवर एक फिकट तेजस्वी पट्टा उमटतो, माणसांची कातडी ओल्या मातीसारखी राखाडी दिसू लागते, पताका दुकानाच्या पाटीसारख्या पेटतात. आणि संध्याकाळी हे चित्र मित्रमंडळींत फिरू लागले की वाहवाही मिळते, त्यामुळे सुधारण्याची वाटच बंद होते. खरे म्हणजे त्या चित्रात फक्त पुढच्या चार चेहऱ्यांपुरता मास्क करून तेवढाच भाग किंचित उजळणे, क्षितिज सरळ करणे आणि कडेला अर्धवट कापलेला मोटारसायकलचा आरसा क्रॉप करून टाकणे, एवढ्यावर काम भागले असते.

या सर्व खटाटोपात लागल्या त्या गोष्टी किती? उजेड, सावली, रंगाचे तापमान, थोडा मास्क, थोडी कातरणी. आज बाजारात असलेले नाव घेण्याजोगे कोणतेही रॉ संपादक सॉफ्टवेअर ही कामे करते, आणि म्हणूनच गुणांच्या याद्या शेजारी मांडून निवड करणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. फरक आहे तो दप्तराचा, म्हणजे चित्रांच्या आणि फेरफारांच्या नोंदी कशा ठेवल्या जातात त्याचा.

फोटोशॉपचा उगम मिशिगन विद्यापीठातील थॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ च्या सुमारास, डॉक्टरेटचा अभ्यास करता करता लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रामात आहे. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांची चमत्कारदृश्ये घडवणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेत होता, आणि दोघांनी मिळून वाढवलेले ते काम अ‍ॅडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी विक्रीस आणले. त्या काळी डिजिटल कॅमेरा सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हता. स्कॅनरने उतरवलेले एखादे चित्र समोर घ्यावे, त्याच्या कणाकणावर काम करावे आणि ते छापखान्याकडे धाडावे, हा त्या सॉफ्टवेअरचा मूळ धर्म, आणि १९९४ साली लेअरची सोय आल्यानंतर तर या धर्मात त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही. मुखपृष्ठ करायचे, दोन चित्रे जोडायची, जुन्या फाटक्या फोटोतील आजोबांचा नाहीसा झालेला कान पुन्हा बसवायचा, तर आजही फोटोशॉप वा त्याच जातीचे दुसरे काही हवे. परंतु घाटातून परतलेल्या नवशिक्यापाशी एक चित्र नसते, चारशे असतात. आणि त्याची पहिली निकड कान बसवण्याची नसून, त्या चारशेंतून बारा निवडण्याची, उरलेल्यांची विल्हेवाट लावण्याची आणि पुढच्या वर्षी ती बारा पुन्हा सापडतील अशी तजवीज करण्याची असते.

ही निकड ओळखून जी दुसरी जात जन्मली तिचे नामांकित उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २००७ मध्ये आलेले लाइटरूम. तिचा व्यवहार समजून घ्यायचा तर तलाठ्याच्या दप्तराची आठवण करावी. त्या दप्तरात जमीन नसते, जमिनीविषयीच्या नोंदी असतात. खरेदीखत झाले, वारस लागले, की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदला जातो, आणि शेत होते तेथेच राहते. लाइटरूममध्येही अस्सल रॉ फाइलला कोणी हात लावत नाही. उजेड इतका वाढवला, सावली इतकी उघडली, डावीकडून एवढे कापले, अशा नोंदी कॅटलॉग नावाच्या एका वेगळ्या फाइलीत होत राहतात, आणि पडद्यावर दिसते ते अस्सलावर त्या नोंदी लागू करून दाखवलेले रूप. एक्सपोर्टची आज्ञा दिली म्हणजे त्या रूपाची पक्की नक्कल बाहेर पडते. दहा वर्षांनी आपली दृष्टी बदलली आणि जुन्या रंगांची लाज वाटू लागली, तर सर्व फेरफार रद्द करून पुन्हा अस्सलापासून सुरुवात करता येते. नवख्या माणसाला एवढी एकच सोय इतर सर्व करामतींपेक्षा मोलाची आहे, कारण त्याची दृष्टी दहा वर्षांत नव्हे, दहा महिन्यांत बदलणार असते.

पण नोंदी ज्याच्या दप्तरात, अंमल त्याचा. हे ज्यांना उशिरा उमगले त्यांची उदाहरणे ताजी आहेत. पिकासा हे सॉफ्टवेअर गूगलने २००४ साली आपल्याकडे घेऊन फुकट वाटले. घरोघरच्या संगणकांवर मुंजी-बारशांचे फोटो त्यात लावलेले असत, आणि मार्च २०१६ मध्ये ते बंद झाले. अस्सल फोटो कोणाचे गेले नाहीत, कारण पिकासाही अस्सलाला जपणारे होते. पण केलेल्या दुरुस्त्या त्याने आपल्याच धाटणीच्या छोट्या फाइलींत लिहून ठेवल्या होत्या, आणि त्या वाचणारा दुसरा कोणी नव्हता. ॲपल कंपनीचे अ‍ॅपर्चर २००५ साली ४९९ डॉलर किमतीला निघाले तेव्हा व्यावसायिक छायाचित्रकारांनी आपली आयुष्यभराची पुंजी त्याच्या हवाली केली. २०१४ साली कंपनीने त्याच्या समाप्तीची घोषणा केली, पुढील वर्षी ते विक्रीतून गेले, आणि २०१९ मध्ये आलेल्या मॅकच्या नव्या प्रणालीवर ते चालेनासे झाले. एक फुकट होते, एक महाग होते. गत दोघांची सारखीच झाली.

अ‍ॅडोबीने तिसरी तऱ्हा केली. मे २०१३ मध्ये तिने जाहीर केले, की यापुढे फोटोशॉप विकत मिळणार नाही, वर्गणी भरून वापरावे लागेल. लाइटरूमची एकरकमी विकत मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ सालची सहावी. वर्गणीवर आमचा काही तात्त्विक राग नाही. वर्तमानपत्र, गॅस, वीज हे सारे आपण महिन्याच्या महिन्याला भरतोच, आणि सतत सुधारत जाणारे सॉफ्टवेअर फुकट लिहून होत नाही. पण वर्गणी थांबवली तर काय होते, हे घेण्यापूर्वीच विचारून ठेवावे. लाइटरूम क्लासिकच्या बाबतीत उत्तर असे, की कॅटलॉग उघडतो, चित्रे दिसतात, त्यांच्या नकला एक्सपोर्ट करता येतात, परंतु डेव्हलप हा जो संपादनाचा विभाग, तो बंद होतो. व्यवहार रोखठोक आहे, अन्यायाचा नाही. त्याच्याच जोडीला नुसते लाइटरूम या नावाने जी दुसरी आवृत्ती मिळते ती अस्सल छायाचित्रेही कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर ठेवते. तेथे जागा संपली की वर्गणी वाढते. ज्याच्या गावात इंटरनेटचा वेग सायंकाळनंतर मंदावतो आणि ज्याची एकेक रॉ फाइल २५-३० मेगाबाइटांची आहे, त्याने क्लासिकच घ्यावे. घेतल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन फेरफार एक्सएमपी नावाच्या छोट्या जोडफाइलींतही आपोआप लिहिले जावेत अशी खूण करावी. ती मुळात केलेली नसते. मग तारे, शीर्षके व कळशब्द रॉ फाइलीच्या शेजारीच पडून राहतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येतात. स्लायडरांच्या नोंदी मात्र एका घराण्याच्या दुसऱ्याला नीटशा कळत नाहीत, आणि यावर उपाय एकच : वर्षाकाठी निवडक चित्रांची सोळा बिटांची टिफ नक्कल काढून ठेवणे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची अशी एक नक्कल सुमारे १४४ मेगाबाइट जागा खाते, म्हणूनच निवडक हा शब्द येथे गंभीरपणे घ्यायचा आहे.

फुकटाचे म्हणजे कमअस्सल, ही समजूतही सोडून द्यावी. डार्कटेबल २००९ पासून स्वयंसेवकांच्या श्रमावर वाढत आले आहे, रॉथेरपीचा उगमलेख २०१० साली सर्वांना खुला झाला, आणि दोन्हींची रंग व रव्यावरील पकड महागड्या सॉफ्टवेअरच्या तोडीची आहे. डार्कटेबल तर प्रत्येक छायाचित्राशेजारी एक्सएमपी फाइल न सांगता लिहिते. अडचण आहे ती स्वभावाची. त्याच्या डाव्या-उजव्या पट्ट्यांत जी डझनावारी मॉड्युल्स आहेत त्यांतील तीन-चार एकच काम निरनिराळ्या तऱ्हेने करतात, आणि त्यांतले कोणते कशासाठी, हे सांगणारी पुस्तिका वाचल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्याला यंत्र उघडून पाहिल्याशिवाय झोप येत नाही अशा माणसाला ते आयुष्यभर पुरेल. ज्याला रविवारच्या दोन तासांत फोटो आटोपून गिर्यारोहणाला पळायचे आहे, तो चिडून सोडून देईल. गिंप हे फोटोशॉपच्या जातीचे, बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली सुरू केलेले; ते रॉ फाइल स्वतः उघडत नाही, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोपवते, आणि फिल्टर लावल्यावर अस्सल अबाधित ठेवण्याची सोय त्याला २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली.

मात्र या सर्वांच्या आधी ज्याचा विचार व्हावा, ते सॉफ्टवेअर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचे एनएक्स स्टुडिओ, सोनीचे इमेजिंग एज ही त्या त्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना विनामूल्य दिलेली साधने आहेत. ती दिसायला रुक्ष आणि चालायला मंद, पण आपल्या कॅमेऱ्याचे रंग त्यांना घरचे म्हणून ठाऊक असतात, आणि रॉ म्हणजे काय, व्हाइट बॅलन्स कशाला म्हणतात, हिस्टोग्राम कसा वाचावा, हे शिकायला त्यांहून बिनखर्चाची शाळा नाही. नवशिक्याने दोन-तीन महिने तेथेच काढावेत. त्यानंतर आपल्याला दप्तराची उणीव भासते की अवजारांची, हे त्याचे त्यालाच कळते. दप्तराची भासली तर लाइटरूम क्लासिक वा डार्कटेबल, अवजारांची भासली तर गिंप वा फोटोशॉप, असा माझा सरळ कौल आहे. मोबाइलवरच छायाचित्रे काढणाऱ्यांना एवढा विचार नको; स्नॅपसीड विनामूल्य आहे, एका बोटाने वापरता येते, आणि केलेल्या पायऱ्या मागे जाऊन बदलूही देते.

पेनड्राइव्हवाल्या गृहस्थाविषयी दोन शब्द. चोरीचे फोटोशॉप जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा असून त्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पोलीस घरी येतील असे मी म्हणत नाही. पण चोरीच्या प्रतीसोबत काय काय संगणकात शिरते ते कळत नाही, आणि इतकी चांगली साधने राजरोस फुकट मिळत असताना ही जोखीम पत्करण्यात शहाणपण ते काय?

मराठी माणसाला आणखी एक चाचणी घ्यावी लागते, जिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत कधी सापडत नाही. शुभेच्छापत्र, गणेशोत्सवाचा फलक, कवितेची ओळ घातलेले चित्र, असे काही करण्याची हौस असेल तर पैसे देण्यापूर्वी चाचणीच्या प्रतीत ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या’ एवढे तीन-चार निरनिराळ्या फाँटांत टंकून पाहावे. जोडाक्षरे फुटली, वेलांटी भलत्या अक्षरावर चढली, की ओळखावे. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत परिच्छेदाच्या सेटिंगमधील अक्षरजुळणीची पद्धत बदलून जागतिक लिप्यांची करावी लागते. ती गोष्ट ठाऊक नसल्याने कित्येक स्टुडिओ आजही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवरच काम निभावतात, आणि तो मजकूर मग दुसरीकडे नेऊन शोधता येत नाही. गिंप युनिकोड देवनागरी नीट मांडते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. २०२३ मध्ये फोटोशॉपला चित्रातील वस्तू नाहीशी करून तिच्या जागी नवे दृश्य निर्माण करण्याची शक्ती मिळाली, आणि त्याच वर्षी लाइटरूमला रवा पुसण्याची. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताडोब्यातून परतलेल्या हौशी माणसाला वाघाच्या तोंडासमोर आलेली बांबूची काडी फार सलते. ती एका क्लिकने जाते, आणि घरच्या भिंतीवर लावायला काही हरकतही नाही. पण निसर्गछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनुसार चित्रातील घटक काढणे वा घालणे वर्ज्य आहे, कातरणी व उजेडाची दुरुस्ती चालते. मोठ्या स्पर्धा अंतिम फेरीत रॉ फाइल मागून घेतात. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या टप्प्याआधीच्या फेरीत पोचलेल्या चित्रांपैकी सुमारे २० टक्के अशाच फेरफारांपायी बाद झाली होती. त्या दिवशी तुमच्या बाजूने साक्ष देणारा एकच, तो म्हणजे न हलवलेला अस्सल. तो दोन वेगळ्या डिस्कांवर असावा, आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी.

राहता राहिला कागद. पडद्यावर सुरेख दिसणारे चित्र लॅबमधून काळपट होऊन येते, याचा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. लॅपटॉपचा पडदा कारखान्यातून भलताच उजळ निघतो, आणि त्याच्यापुढे बसून आपण चित्र गडद करीत जातो. उजेड मोजण्याचे यंत्र मिळाले तर पडद्याचा उजेड चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलांवर आणावा, न मिळाले तर पडद्यावरचा कोरा पांढरा भाग आणि खिडकीच्या उजेडात धरलेला कोरा कागद सारखे दिसेपर्यंत कमी करावा. आठ बाय बारा इंचाच्या प्रतीला ३,६०० बाय २,४०० पिक्सेल पुरतात, रंगपद्धती एसआरजीबी ठेवावी, आणि फाइल देताना लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवण्यास बजावून सांगावे, नाही तर आपण रात्र जागून सावरलेल्या छटांवरून त्याचे यंत्र शेवटी आपला हात फिरवतेच.